तारखेपुढचा ठिपका

३ फेब्रुवारी

चिमटे,

दचकू नकोस, मीच आहे, तुझा दादा. नऊ वर्षांनी. कुणी गेलंबिलं नाही, सगळे धडधाकट आहेत, तेव्हा आधी पाणी पी आणि मग पुढे वाच. फोनच करणार होतो. पण माझा आवाज ऐकून तू ठेवला असतास आणि पुन्हा करायचा धीर मला झाला नसता. पत्र फाडायचं असलं तरी माणूस आधी वाचतो.

तर झालं असं. मी रिटायर झालो आणि दिवसभर तुझ्या वहिनीच्या पायापायात यायला लागलो. शेवटी तिने वरची खोली रिकामी करून दिली आणि म्हणाली, "काय गोंधळ घालायचा तो इथे घाला, स्वयंपाकघरात लुडबुड नको." मग मी छोटी रेल्वे मांडायला घेतली. हसू नकोस. चार फळ्यांवर आपलं जुनं माल-यार्ड उभं केलंय. पाच लाईनी, वजनकाटा, शंटरची केबिन, बाबांची रंगाची खोली, आणि तिच्या दारापुढचा तो तीन पायांचा बाकसुद्धा. लेक म्हणते, "बाबा, तुम्ही नोकरी सोडलीत की नोकरीने तुम्हाला सोडलं नाही?" आता काय सांगू तिला.

गेल्या महिन्यात अशाच हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. एका टेबलावर कोळशाचा उघडा डबा ठेवला होता, बोटाएवढा. त्याच्यावरचे आकडे बघितले आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. बाबांच्या वळणाचे आकडे! टेबलावरच्या माणसाला विचारलं, कुणी केलाय? तर म्हणाला, एक बाई आहेत, लेबलं छापायच्या दुकानामागच्या खोलीत बसतात. ऑर्डरप्रमाणे डबे बांधतात, अक्षरंही स्वतःच छापून लावतात, पण तोंडाने फार फटकळ आहेत. फटकळ म्हटल्यावर शंकाच उरली नाही. माझी बहीण आहे ती, असं म्हणणार होतो. नाही म्हटलं.

मला एक डबा करून हवाय. बंद मालडबा, तांबूस रंगाचा, दोन्ही बाजूंना सरकती दारं. क्रमांक ५१८०४. तपासणीची तारीख १२-३-९२. चार नंबरच्या लाईनवर त्याची जागा मोकळी ठेवली आहे.

करशील ना?

दादा

*

१४ फेब्रुवारी

दादा,

पाणी प्यायले. पत्र फाडलं नाही, बोळा केला आणि परत सरळ केला, त्यातच समाधान मान.

क्रमांक माझ्या लक्षात नव्हता, पण तारीख वाचली आणि हातातलं ब्लेड खाली ठेवलं. हाच ना तो डबा? यार्डात रंगारी म्हणून बाबांनी लावलेली ती तारीख? चाकं उघडली नाहीत, आस बघितला नाही, आणि वर 'तपासणी झाली' म्हणून तारीख. पंधरा दिवसांत आस तापून मोडला, पुलाच्या अलीकडे पाच डबे आडवे झाले, मागच्या गार्डाचा हात कायमचा अधू. आणि चौकशीत बाबा आपल्या तोंडाने सांगून आले की ऑफिसची तपासणीची चिठ्ठी नव्हती, मी आठवणीवर तारीख लावली. नोकरी गेली. दोन वर्षांत बाबा गेले. तो डबा तुला खेळण्यात मांडायचाय? धन्य आहे तुझी!

पण काम म्हणून आलंय तर काम म्हणून करीन. बहीण म्हणून नाही.

सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते तेच तुला सांगते. कागदाशिवाय मी अक्षर लावत नाही. फोटो, चिठ्ठी, रजिस्टरचं पान, काहीतरी दाखव. कुणाला तरी आठवतंय म्हणून माझ्या डब्यावर काही चढत नाही. हा नियम कुणाचा, ते तुला माहीत आहे. सोळाव्या वर्षी बाबांनी माझ्या हातात ब्रश दिला, तेव्हा पहिलं वाक्य हेच होतं, "चिठ्ठीशिवाय अक्षर नाही. साहेब आला तरी नाही." तीन वर्षं माझ्याकडून ते घोकून घेतलं आणि मग स्वतःच मोडलं. जाऊ दे, आता तो विषय नको.

आणखी एक. तुझ्या यार्डात दिवस कुठला आहे? तू नवखा आहेस म्हणून समजावते. प्रत्येकाची छोटी रेल्वे एका ठरावीक दिवशी थांबलेली असते. त्या दिवसानंतरची तारीख असलेला डबा तिथे उभा केला, तर जाणकार लोक तोंडावर हसतात. तेव्हा दिवस ठरवून कळव.

चिमटी

*

२ मार्च

चिमटे,

उत्तर आलं हेच खूप. वहिनीने पाकिटावरचं अक्षर लांबून ओळखलं आणि कणकेच्या हातानेच पाकीट घेऊन वर आली. डाग पडलाय, पण तुझ्या शिव्या नीट वाचता आल्या.

दिवस विचारलास. १२ मार्च ९२, दुपारचे बारा. बाबा चार नंबरच्या लाईनवर खोक्यावर चढून उभे आहेत, एका हातात स्टेन्सिल, दुसऱ्यात ब्रश. तांदळाएवढे केलेत. टोपी जमली, चेहरा काही जमत नाही, पाठमोरेच ठेवलेत.

सोबत फोटो आहे. चौकशीच्या फाईलमधला. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या फायली निकालात काढत होते, तेव्हा नक्कल काढून घेतली. डबा कुशीवर पडलाय, पण डावी बाजू चांगली दिसते. आकडे, वजन, तारीख, सगळं त्यात आहे. तेवढ्यावर भागेल ना? चिठ्ठीबिठ्ठी आता कुठे शोधायची, इतकी वर्षं झाली.

आणि एक सांगू? बाबांवर इतका राग धरू नकोस. माणसाच्या हातून काय काय होतं आणि का होतं, ते बाहेरून कळत नाही. तुझ्या भाचीने तुझे डबे कुठेतरी फोटोत बघितले. "आत्या एवढी भारी आहे आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?" म्हणून माझ्याशी भांडली. ती आता बत्तीसची झाली, तिच्याही कानापाशी एक पांढरा केस दिसला मला.

दादा

*

१९ मार्च

दादा,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं.

आधी डबा कुठवर आलाय ते सांगते. सांगाडा झाला, दारं झाली, पट्ट्यांवरचे रिव्हेट मोजून बसवले. एका बाजूला तीन कमी आहेत, कारण फोटोत तीन उडालेले दिसतात. तांबूस रंग दिला, त्यावर चकचकीत वार्निशचा हात दिला. मग अक्षरं घेतली. अक्षरं मी डब्यावर रंगवत नाही, एवढ्या बारीक जागेत ब्रश चालतच नाही. पातळ पापुद्र्यावर छापते, एकेक तुकडा कापून पाण्यात सोडते आणि ओला पापुद्रा डब्यावर सरकवते. ह्यालाच डिकल म्हणतात. पण छापण्याआधी मूळ अक्षर हुबेहूब काढावं लागतं. म्हणून तुझा फोटो मी कॉम्प्युटरवर मोठा केला, खूप मोठा केला, तारखेचा एकेक आकडा हाताएवढा झाला.

दादा, शेवटच्या दोनापुढे ठिपका आहे.

चिखल म्हणशील तर चिखल नव्हे. पांढरा, गोल, रंगाचा ठिपका. तुला त्याचं काही वाटणार नाही, कुणालाच वाटलं नसतं. चौकशीच्या साहेबांना तर दिसलाही नसेल. पण मी तीन वर्षं त्या माणसाच्या हाताखाली काम केलंय. बाबांची सवय होती. चिठ्ठी हातात असली, क्रमांक डब्याशी ताडून बघितला, की तारीख लावून पुढे एक ठिपका द्यायचे आणि मग चिठ्ठी खिशात घालायचे. मी एकदा विचारलं, हा कशाला? म्हणाले, "माझी सही आहे ती. कागद बघितला, म्हणून." एकदा मी चिठ्ठी न बघता ठिपका दिला, तर रॉकेलच्या बोळ्याने सगळी तारीख पुसायला लावली होती.

म्हणजे चिठ्ठी होती! बाबांनी नियम मोडला नव्हता. चिठ्ठीच चुकीच्या डब्याची होती आणि चौकशीत ते 'चिठ्ठी नव्हती' म्हणाले. का म्हणाले? कुणाला वाचवलं? तू क्लार्क होतास त्या यार्डाच्या ऑफिसातले ते मोठे क्लार्क, सारखे घरी येऊन आपल्या हाताचा चहा पिणारे, त्यांना ना? तूच म्हणायचास, ते जागेवरून न उठता चिठ्ठ्या फाडतात. आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुला हे कळलंय. फाईल बघताना काहीतरी सापडलं असणार, म्हणून तर तू हाच डबा मागितलास. बाबांचं नाव धुऊन निघावं म्हणून. आणि मी तुला काय काय बोलले. दादा, माझं चुकलं रे.

आता तुला एक सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. नोकरी गेली त्या दिवशी बाबा घरी आले, चपला काढल्या, नेहमीसारखे माझ्या सरावाच्या पाटीजवळ बसायला लागले. मी म्हटलं, "चिठ्ठीशिवाय तारीख लावणाऱ्या हाताने मला अक्षर शिकवू नका." एकोणीस वर्षांची होते, दादा, आणि किती शहाणी समजत होते स्वतःला. ते उठले. पुन्हा माझ्याजवळ बसले नाहीत. मी समोरच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे शिकायला गेले, घरी रद्दीच्या कागदांवर सराव करायचे, आणि बाबा दारात बसून बघत राहायचे. काही बोलायचे नाहीत. माझं चुकत असलं तरी बोलायचे नाहीत. दोन वर्षं. आणि ते गेले त्या दिवशी जिन्यात तू मला म्हणालास, "जिवंतपणी धड बोलली नाहीस, आता रडून काय उपयोग?" ते मला इतकं लागलं की आई होती तोवर तुझं तोंड बघितलं, ती गेल्यावर तेही सोडलं. पण तू खरंच बोलला होतास.

चिठ्ठी शोध. माळा, ट्रंका, बाबांचे कपडे, सगळं उपस. बाबा चिठ्ठी फेकणारे नव्हते. ती सापडली की तारीख लावते आणि डबा घेऊन मीच येते. वहिनीला सांग, जेवायला येणार आहे.

तुझी चिमटी

*

२७ एप्रिल

चिमटे,

सव्वा महिना उत्तर दिलं नाही. शोधत नव्हतो. कुठे आहे ते मला माहीत होतं.

सोबत चिठ्ठी आहे. बाबांच्या चष्म्याच्या डबीत, अस्तराखाली होती. ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला सापडली, तेव्हापासून माझ्याकडे आहे.

खालची सही बघ. मोठे क्लार्क त्या आठवड्यात रजेवर होते.

दादा

*

२ मे

बघितली.

अक्षर ओळखायला भिंग लागलं नाही. माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव घालून देणारं अक्षर आहे ते.

काय लिहू तुला? दुकानात छपाईचं मशीन चालू होतं, मी ओरडले तरी कुणाला ऐकू गेलं नाही, तेवढं बरं झालं.

नोकरीचं मी समजू शकते. भीती वाटली असेल. माणूस भितो. बाबांनी आपण होऊन अंगावर घेतलं असेल, तेही समजू शकते, त्यांचा तू जीव की प्राण होतास. पण मी? घरात मी होते ना रे! मी रोज त्या माणसाकडे पाठ करून बसत होते. तू दर रविवारी यायचास, बघायचास, जेवायचास आणि जायचास. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला असतास, "चिमटे, बाबांनी काही केलेलं नाही." चार शब्द. मी कुणाला सांगितलं नसतं. तुझी नोकरी राहिली असती आणि मला माझे बाबा मिळाले असते. दोन वर्षं, दादा! नोकरी त्यांनी तुला आपणहून दिली असेल, पण ती दोन वर्षं तू माझ्याकडून घेतलीस, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस.

आणि वर जिन्यात मलाच ऐकवलंस. तेव्हा तुझ्या खिशात काय होतं रे?

गेल्या पत्रात मी तुझी माफी मागितली. ती परत घेते. ते पान फाडून टाक.

डबा टेबलावर आहे. त्याच्याकडे बघवत नाही आणि टाकवतही नाही.

*

१५ मे

चिमटे,

जिन्यात खिशात काही नव्हतं. चिठ्ठी त्यानंतर सापडली. पण म्हणून काही फरक पडत नाही, मला सगळं आधीपासून माहीतच होतं. तू विचारलंस, म्हणून सांगितलं.

आता सगळं लिहितो, काही लपवत नाही.

तपासणी होऊन आलेला डबा कुठल्या लाईनवर उभा आहे, ते स्वतः चालत जाऊन बघायचं आणि मग क्रमांक लिहून चिठ्ठी फाडायची, असा कायदा होता. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. तुझी भाची दोन महिन्यांची, आमची झोप नाही. मी फेरी मारली नाही. कालची यादी पुढ्यात होती, त्यात चार नंबरच्या लाईनवरचा सहावा डबा तपासणीचा होता, तर आजचा सहावा कुठला ते शंटरला खिडकीतून ओरडून विचारलं. सकाळी शंटिंग झालं होतं, सगळे डबे एकेक घर सरकले होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबा चिठ्ठी न्यायला आले. "फेरी मारलीस ना?" म्हणाले. मी हो म्हटलं.

चौकशीला आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. दोघांना एकदमच आत घेतलं. साहेबांनी विचारलं, चिठ्ठी कुठे आहे? बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी बोलतोय का, ते बघत होते. वाट बघितली त्यांनी, चिमटे. पंखा फिरत होता, मी पंख्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "चिठ्ठी नव्हती."

आणि हे आजवर वहिनीलाही सांगितलेलं नाही. चिठ्ठीबुकात कार्बनची नक्कल राहते. साहेब बुक मागवणार हे मला माहीत होतं. आदल्या दिवशीच मी ते पान फाडलं होतं. म्हणजे गप्प बसायचं मी आधीच ठरवलं होतं. तू म्हणतेस बाबांनी नोकरी मला दिली. दिली नाही, मी काढून घेतली. ते फक्त नाही म्हणाले नाहीत.

जिन्यात तुला बोललो, कारण कुणावर तरी ओरडायचं होतं आणि तू समोर होतीस.

ह्या पत्रासोबत एक गुंडाळी आहे. तू सराव करून फेकलेले रद्दीचे कागद बाबा गोळा करायचे. दर महिन्याला माझ्या घरी आणून द्यायचे. त्यांवर पेन्सिलीने तुझ्या चुका दाखवल्यात, बाजूला बारीक अक्षरात काय करायचं ते लिहिलंय. मला म्हणायचे, "तिला दे. माझ्या हातून घ्यायची नाही ती." मी दिले नाहीत. दिले असते तर तू विचारलं असतंस, बाबा माझ्याशी इतकं चांगलं का वागतायत, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. दर महिन्याला विचारायचे, "दिलेस का? काय म्हणाली?" मी सांगायचो, "घेतले. काही बोलली नाही."

तू कागद मागशील हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर डबा तुझ्याकडे मागितला. आपल्या तोंडाने सांगायची माझी छाती नव्हती. डबा टाकून दे, नाहीतर ठेव. मी मागणार नाही.

दादा

*

६ जून

दादा,

कागद एकशे सतरा आहेत. रोज दुकान बंद व्हायच्या आधी पाच-पाच बघते. काल एकावर लिहिलेलं होतं, "तीनचं पोट आवळ, फार जेवलाय." एवढं हसले, की दुकानातली पोरगी बघायला आली, आणि मग तिलाच मला पाणी द्यावं लागलं.

एक कागद मात्र वेगळा आहे. त्यावर चूक एकही दाखवलेली नाही. खाली लिहिलंय, "आता मी शिकवण्यासारखं उरलं नाही. पण कधी बोलावलंस तर येईन." तारीख बघितली. ते गेले त्याच्या आधीचा महिना. मी त्या महिन्यात त्यांना एकदा 'जेवायला वाढलंय' एवढं म्हटलं होतं.

तुला माफ केलं असं समजू नकोस. समजू नकोस म्हणजे समजू नकोस. पुढे कधी होईल की नाही ते मला माहीत नाही, आणि तू विचारू नकोस.

पण घेतलेलं काम मी अर्धवट ठेवत नाही. डबा पाठवते आहे. क्रमांक, वजन, मालाचं माप, सगळी अक्षरं लावून झाली. तारखेची जागा मोकळी ठेवली आहे. तारीख लावायला माझा हात जाईना. चिठ्ठी तुझी, तारीख तू लाव. बाबांनी तुझ्यासाठी लावली होती, एकदा तू त्यांच्यासाठी लाव. पाकिटात तारखेचा पापुद्रा आहे, ठिपक्यासकट. एकच छापलाय.

नीट वाच, घाई करू नकोस. बशीत कोमट पाणी घे. कागदाचा तुकडा चिमट्याने धरून बुडव, वीस आकडे मोज आणि बाहेर काढ. लगेच ओढू नकोस, पापुद्रा आपोआप सुटायला लागतो. डब्यावर ब्रशने थेंबभर पाणी लाव. कागद जागेवर टेकव, खालून कागद सरकवून काढून घे, पापुद्रा तिथेच राहील. सरळ आहे का ते समोरून बघ, वरून नाही. मग फडक्याच्या टोकाने मधून कडेला दाब, म्हणजे खाली हवा राहणार नाही. ठिपक्याजवळ जपून, तिथे पापुद्रा अरुंद आहे. लावून झाल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही.

चिमटी

*

२८ जून

चिमटे,

लावली. सकाळी दहाला बसलो, उठलो तेव्हा वहिनी जेवायची दोनदा हाक मारून गेली होती. उजवीकडे किंचित चढली आहे. बाबांनी पुसायला लावली असती. पण फाटली नाही, आणि ठिपका शाबूत आहे.

डबा चार नंबरच्या लाईनवर ठेवला. रविवारी लेक आली होती. नवीन डबा बघून खाली वाकली आणि म्हणाली, "हा कुठला?" तिला आजवर मी एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या आजोबांच्या हातून कामात चूक झाली आणि त्यांची नोकरी गेली. आजोबांबद्दल तिला तेवढंच माहीत. चिमटे, तुला सगळं लिहिल्यावर तिच्यापुढे पुन्हा तेच सांगायला जीभ रेटेना. वहिनीलाही वर बोलावलं आणि दोघींना बसवून सांगितलं. पान फाडल्याचंही सांगितलं.

शेवटी म्हणालो, "तू दोन महिन्यांची होतीस गं, म्हणून." वाटलं, तिला समजेल. तिने पर्स उचलली आणि म्हणाली, "मी पाळण्यात होते. माझं नाव कशाला पुढे करता?" आणि जिना उतरून गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही. वहिनी ताट वाढते, बोलते मात्र कामापुरतंच. मी वर येऊन बसतो. गाड्या चालवत नाही, नुसता बसतो.

बाबा असे दोन वर्षं बसले. त्यांनी तर काही केलंही नव्हतं. दारात बसून तुझ्याकडे बघत राहायचं त्यांना कसं जमलं असेल, तुला काही सांगता येईल का? तुला विचारायला मला तोंड नाही, पण दुसऱ्या कुणाला विचारू?

दादा

*

३ जुलै

दादा,

कसं जमलं ते मला माहीत नाही. मी पाठ करून बसले होते, मला काय दिसणार?

लेकीला पत्र लिही. सगळं पुन्हा लिही, आणि 'तुझ्यासाठी' हा शब्द त्यात घालू नकोस. ती उत्तर देणार नाही. पुन्हा लिही. बाबांनी एकशे सतरा वेळा लिहिलं.

आणि पत्र आपल्या पायांनी जाऊन तिच्या हातात दे. दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस.

चिमटी